इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? पार्किंगात प्लग नाही आणि सासर गुहागरला

मुठाकाठ – १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची २०१२ ची पेट्रोल गाडी आता महिन्याआड गॅरेजवाल्याला भेटून येते. बदलायची वेळ झाली आहे. राहतो सिंहगड रोडला, आनंदनगरच्या पुढे. ऑफिस हिंजवडी फेज २, आठवड्यातून चार दिवस. जाऊन-येऊन ५० किमी, त्यातले निम्मे पहिल्या-दुसऱ्या गिअरात. इकडचं तिकडचं धरून महिन्याला ११०० किमी होतात आणि पेट्रोलला नऊ हजारांच्या वर जातात. बायकोचं माहेर गुहागर. गणपती, शिमगा आणि मे महिना, अशा वर्षाला तीन फेऱ्या ठरलेल्या.

इलेक्ट्रिक घ्यावी असं मनात आहे. बजेट १५ लाख, फार तर १६. शोरूममधला मुलगा प्रत्येक प्रश्नाला "सर, काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणतो. पुण्यात कुणी असं म्हणालं की मला संशय येतो.

खरी अडचण अशी की सोसायटी १९९८ ची, खाली स्टिल्ट पार्किंग, आणि माझ्या जागेपासून मीटरची खोली ५० मीटर लांब. सेक्रेटरी काका म्हणाले, "पुढच्या सभेत बघू." कबुतरांच्या जाळीचंही दोन सभांपूर्वी असंच बघायचं ठरलं होतं.

ज्यांनी घेतली आहे त्यांनी खरं खरं सांगा. पश्चात्ताप झाला असेल तर तोही सांगा.

सीएनजीच्या_रांगेत – रात्री ९:५२

पंपावर उभा राहून हा धागा वाचतोय. पुढे अकरा रिक्षा आणि एक स्कूलव्हॅन. घेऊन टाका हो.

हिशेबनीस – रात्री १०:३१

तुमचेच आकडे घेऊन बसलो. पेट्रोल किमीला साडेआठ रुपये पडतंय. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात १०० किमीला १३-१४ युनिट खाते. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून १५ धरा. घरची वीज सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरली तरी किमीला पावणेदोन-एक रुपये. वर्षाला १३ हजार किमीवर ८८ हजारांच्या आसपास वाचतात. त्याच गाडीच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये ऑन-रोड सव्वातीन लाखांचा फरक असेल तर पावणेचार वर्षांत वसूल.

आता हेच बाहेरच्या फास्ट चार्जरवर करून बघा. युनिटला २० ते २५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. किमीला चार रुपयांच्या घरात. वसुली साडेपाच वर्षांवर गेली, आणि आठवड्यातून दोनदा चार्जरपाशी तासभर बसायचं ते वेगळंच. तेव्हा कुठली गाडी हे नंतर बघू, आधी प्लगचं काय ते सांगा.

धाकटी_पाती – रात्री १०:४४

पण वीज जास्त वापरली की स्लॅब बदलतो ना? मग घरचं सगळंच बिल वरच्या दराने येईल. आमच्या शेजाऱ्यांनी याच भीतीने बेत रद्द केला.

हिशेबनीस – रात्री १०:५८

@धाकटी_पाती, हा गैरसमज पुण्यातल्या निम्म्या लोकांचा आहे. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. मुठाकाठ यांचे महिन्याला १६५ युनिट वाढतील. आज घरी १८० वापरत असतील तर ३४५ होतील, म्हणजे ४५ युनिटच महागड्या टप्प्यात पडतील. शेजाऱ्यांना सांगा, अजून वेळ गेलेली नाही.

टेकडीवाला – रात्री ११:१५

कंपनीने छापलेल्या रेंजवर जाऊ नका. तो आकडा एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा असतो. रोज सकाळी त्यांच्याच टेकडीवर फिरायला जातो, त्यामुळे खात्रीने सांगतो की रेंज त्यांनी टेकडी उतरताना मोजली असणार.

दोडकामेथी – १५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

@टेकडीवाला, हाहा. पण खरं आहे, छापील आकड्याच्या ६५-७० टक्के धरून चालावं.

माझा अनुभव छोट्या गाडीचा आहे. तीच ती दोन दारांची, १७.३ किलोवॅट-तासांची बॅटरी. कोथरूड, मुलांची शाळा, मंडई, आईकडे औंध. तीन दिवसांतून एकदा रात्री लावते. दोन वर्षांत बाहेरच्या चार्जरचं तोंड पाहिलेलं नाही. "रेंज किती उरली" याची काळजी घरात फक्त नवऱ्याला, आणि तो गाडी चालवत नाही. चालवायला बसला तेव्हा त्याचा डावा पाय पंधरा दिवस क्लच शोधत होता.

एक सावधगिरी मात्र. आवाज नसल्यामुळे सोसायटीच्या आवारात आणि पेठेतल्या बोळांत लोक बाजूला होत नाहीत. तुळशीबागेजवळ एक आजी मला म्हणाल्या, "चोरासारखी कशाला येतेस गं?"

निवृत्त_वायरमन – सकाळी ८:०५

मुठाकाठ साहेब, ५० मीटर हे सरळ अंतर की केबलच्या वाटेचं? जिन्याला वळसा, छताखालचा ट्रे, खांबावरून खाली असं धरलं की ६०-६५ होतात. आधी टेप घेऊन मोजा.

सगळे ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्समागे, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चार्जरमागे लागतात. त्याला ३२ अँपिअर लागतात, तास न् तास. इतक्या लांबीवर ६ चौ. मिमी तांब्याच्या केबलमध्ये व्होल्टेज १४-१५ व्होल्टने पडेल. १० चौ. मिमी टाकावी लागेल, आणि तांब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. शिवाय मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, कदाचित थ्री फेज.

तुमची गरज किती? रोज ५० किमी म्हणजे साडेसात युनिट. ते गाडीबरोबर येणाऱ्या १५ अँपिअरच्या चार्जरवर, ३.३ किलोवॅटने, अडीच तासांत भरतात. रात्री ११ ला लावलं तर दीडला काम झालं. त्याला ४ ची केबल चालते. मी स्वतः ६ ची टाकीन, उद्या वाढवायचं झालं तर पुन्हा ट्रे उघडायला नको.

तीन गोष्टींत पैसे वाचवू नका. एक, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. दोन, भिंतीवरचा गीझरचा साधा सॉकेट लावू नका. सलग पाच तास पूर्ण करंट गेला की तो पिवळा पडतो, मग वितळतो. निळ्या झाकणाचा इंडस्ट्रियल सॉकेट लावा. तीन, अर्थिंग. जुन्या सोसायट्यांत अर्थिंगची तार असते, पण ती खाली जमिनीपर्यंत पोचतेच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर शंका घ्या.

सेक्रेटरी_मीच – सकाळी ९:३०

हे सगळे धागे सेक्रेटरीला शिव्या घालून संपतात, म्हणून आधीच बोलतो. आमच्याकडे ६४ फ्लॅट. पहिल्याने लिफ्टच्या मीटरवरून वायर मागितली. दिली असती तर त्याच्या गाडीचं बिल तळमजल्यावरच्या आजोबांनी का भरायचं? दुसऱ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला. पावसाळ्यात.

शेवटी नियम केला. ज्याची गाडी त्याचा मीटर. महावितरण गाडीसाठी वेगळा जोड देते, त्यासाठी अर्ज सभासदाने करायचा. केबलचा ट्रे एकच, सगळ्यांसाठी, त्याचा खर्च जे वापरतील त्यांनी वाटून घ्यायचा. चौथ्या-पाचव्या माणसापर्यंत ठीक चाललं. तिसांनी एकदम गाड्या आणल्या तर ट्रान्सफॉर्मर पुरेल का, हा प्रश्न आहेच, पण तो आजच्या अर्जदाराच्या डोक्यावर का मारायचा?

तुमच्या काकांना तोंडी विचारू नका. तोंडी प्रश्नाला "बघू" हेच उत्तर असतं. केबलच्या मार्गाचं रेखाचित्र, इलेक्ट्रिशियनचं लेखी अंदाजपत्रक आणि "सोसायटीला शून्य खर्च" हे वाक्य, असा एका पानाचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

जुनी_डिझेल – सकाळी १०:१२

सगळं छान. आणि आग लागली तर? २०२२ मध्ये लोहगावला भर रस्त्यात पेटलेली स्कूटर अख्ख्या पुण्याने व्हॉट्सॲपवर पाहिली. तसलं काही माझ्या गाडीशेजारी स्टिल्टमध्ये उभं राहणार असेल तर मी सभेत हात वर करणार नाही.

निवृत्त_वायरमन – सकाळी १०:४०

@जुनी_डिझेल, भीती खोटी नाही. म्हणूनच त्या उन्हाळ्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, दुचाकीसाठी एआयएस १५६ आणि चारचाकीसाठी एआयएस ०३८. शिवाय बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी बॅटरी येते, ती तापायला जरा उशीर करते. पण तुमच्या स्टिल्टमध्ये मला बॅटरीपेक्षा पिवळ्या पडलेल्या सॉकेटची भीती जास्त वाटते.

नदीपात्र – सकाळी ११:०३

आगीचं झालं, पाण्याचं कोण बोलणार? मुठाकाठ, तुम्ही आनंदनगरचे. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झालं ते तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. बॅटरीला आयपी ६७ असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पाणी रात्रभर राहिलं तर तो शिक्का घेऊन काय करायचं? सॉकेट छातीच्या उंचीवर बसवा. आणि पूर आला तर आधी मेन स्विच पाडा, मग गाडी हलवा. विम्यात बॅटरीचं पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का, ते लेखी विचारा.

मुठाकाठ – सकाळी ११:२०

@नदीपात्र, आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, पण पुढच्या गल्लीत आलं होतं. मुद्दा घेतला.

@सेक्रेटरी_मीच, एका पानाचा अर्ज आजच लिहितो.

गुरुवारचा_उपास – दुपारी १२:४५

आणि गुरुवारी? पाणी नाही, दुरुस्तीसाठी वीज नाही, आता गाडीही नाही. पुणेकर गुरुवारी हिंजवडीला जाणार कसा?

दोडकामेथी – दुपारी १२:५०

बुधवारी रात्री लावून.

घाटमाथा – दुपारी ३:१८

कोकणाचं मी सांगतो. माझ्याकडे २०२१ ची जुनी, सेकंडहँड घेतलेली, ३०.२ ची बॅटरी. कागदावर ३१२ किमी. पुण्यात २०० देते, एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगाने १७० सुद्धा नाही.

घाटाचा बाऊ करू नका, पण हिशेब ठेवा. खोपोली ते खंडाळा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. माणसांसकट १७०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला अडीच युनिट लागतात, रस्त्याचे वेगळे. म्हणजे नुसत्या चढापायी माझ्या बॅटरीतले आठ-दहा टक्के पंधरा किमीत गायब. पहिल्यांदा बघताना घाम फुटतो. उतरताना गाडी त्यातले बरेचसे परत घेते आणि ब्रेक जवळजवळ लागतच नाही.

याचा उलटा धडा महाबळेश्वरला मिळाला. हॉटेलवाल्याने प्लग दिला म्हणून हावरटासारखी १०० टक्के भरली आणि पसरणी घाट उतरायला लागलो. बॅटरी भरलेली, मग येणारी वीज ठेवणार कुठे? रीजेन, म्हणजे उतारावर वीज परत भरून गाडी आवरणं, काम करेना आणि गाडी नेहमीसारखी आवरेना. अख्खा घाट पायाने ब्रेक मारत उतरलो. डोंगरावर मुक्काम असेल तर ८५ वर थांबा.

दुसरी गोष्ट चार्जरची. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसतो याचा अर्थ तो चालू आहे असा नाही. मागच्या गणपतीत महामार्गावरच्या एका हॉटेलात पोचलो ६ टक्क्यांवर. एक गन बंद, दुसऱ्यापुढे तीन गाड्या, आणि चार्जरच्या जागेत एक पेट्रोलवाला जेवायला गेलेला. त्याला शोधून काढला तर म्हणे, "सावली होती म्हणून लावली." अडीच तास गेले. तेव्हापासून २५ टक्क्यांच्या खाली जातच नाही, आणि प्रत्येक थांब्याला पुढचा एक पर्याय ठेवतो. चार ॲप आहेत, चारही पाकिटांत दोन-दोनशे रुपये अडकलेले. याला मी देवळातली दानपेटी समजतो.

तिसरी गोष्ट सासरची. प्लग १५ अँपिअरचा आहे म्हणून खूश होऊन लावला आणि चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही! चिरेबंदी घर, वायरिंग सासऱ्यांच्या लग्नातलं. दुसऱ्या दिवशी गावातला वायरमन आला, अंगणात खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. आता मे महिन्यात आम्ही निघालो असा फोन गेला की सासूबाई त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. जावयाचे पाय धुवायची पद्धत गेली, अर्थिंगचे आले.

टेकडीवाला – दुपारी ३:४०

शेवटच्या वाक्यासाठी +१.

पेठेतला_पाहुणा – सायंकाळी ५:०२

आमच्या ऑफिसच्या चार्जरवर कुणीतरी पाटी लावली आहे: "चार्जिंग म्हणजे टपरीवरचा चहा नव्हे. झाले की उठावे."

शुद्धलेखन_मास्तर – सायंकाळी ५:२५

चार्जिंगला मराठीत 'प्रभारण' म्हणतात. वापरायला काय हरकत आहे?

पेठेतला_पाहुणा – सायंकाळी ५:२७

"गाडी प्रभारणाला लावली आहे" म्हटलं तर बायको विचारेल, मुख्य पदावर कोण आहे?

कर_बचत – रात्री ८:१०

एक फायदा कुणी सांगितला नाही. कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८० ईईबीखाली दीड लाखापर्यंत वजावट मिळते.

हिशेबनीस – रात्री ८:३३

@कर_बचत, मिळत होती. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असेल तरच. नव्या गाडीला नाही. शोरूमवाले अजून सांगतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

चालू फायदे म्हणजे जीएसटी ५ टक्के, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी. फास्टॅगचे मेसेज मात्र बघत राहा. आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर इलेक्ट्रिकची हिरवी नंबरप्लेट दाखवून उपयोग नाही, तो राष्ट्रीय महामार्ग.

धाकटी_पाती – रात्री ८:५०

बॅटरी भाड्याने घ्यायची योजना कशी? गाडी स्वस्त वाटते.

हिशेबनीस – रात्री ९:०५

एमजीची विंडसर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि किमीला साडेतीन रुपये भाडं, अशी होती. त्यात वीज मिळवा, सव्वापाच झाले. कागदावर महिन्याला ४०० किमी चालवणाऱ्याला ठीक. मुठाकाठ यांच्यासारख्याने बॅटरी विकतच घ्यावी. महिन्याला ४०० किमीच चालवणाऱ्याने मुळात इलेक्ट्रिक कशाला घ्यावी, हाही प्रश्नच आहे. माझी स्वतःची पेट्रोल आहे, ती याच कारणाने.

दोडकामेथी – रात्री ९:१२

म्हणजे सगळ्यांना हिशेब करून देणारे काका स्वतः पेट्रोल भरतात!

हिशेबनीस – रात्री ९:१५

हिशेब केला म्हणूनच.

कर्वेनगर_कट्टा – १६ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

पश्चात्ताप विचारला होता ना? माझा घ्या. ६० टक्के चार्ज असलेली गाडी सकाळी दारच उघडेना. मोठी बॅटरी ठणठणीत, आतली १२ व्होल्टची छोटी मेली होती. स्क्रीन, लॉक आणि मोठ्या बॅटरीचं कुलूप उघडणारा रिले, सगळं तिच्यावर. शेवटी शेजारच्या १५ वर्षं जुन्या डिझेल गाडीवरून जंप केबल लावली. ते काका अजून भेटले की विचारतात, "काय, पर्यावरण कसं आहे?"

जुनी_डिझेल – सकाळी ७:३०

ते काका कोण असतील याचा अंदाज आला असेलच.

कर्वेनगर_कट्टा – सकाळी ७:३४

अहो काका, तुम्ही?!

मुठाकाठ – ७ डिसेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायला हवा.

अर्ज दिला. एका पानाचा, चित्रासकट. गंमत म्हणजे पोच घ्यायला गेलो तर काकांनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हा ट्रे माझ्या पार्किंगवरून जातोय, तर माझ्यासाठीही एक जागा ठेव. मुलगा घेणार आहे." पंधरा दिवसांत परवानगी. आता आम्ही तिघं ट्रेचा खर्च वाटून घेतोय. टेप लावून मोजलं तर ६३ मीटर भरलं. वायरमन साहेब, तुमच्या पाया पडायला हवं. ३.३ चाच जोड, ६ ची केबल, निळा सॉकेट, छातीच्या उंचीवर. आणि अर्थिंगची तार खरंच जमिनीपर्यंत पोचलेली नव्हती. पत्र्याच्या पेटीमागे गुंडाळी करून ठेवली होती. २७ वर्षं!

गाडी घेण्याआधी तीच गाडी दोन दिवस भाड्याने घेतली आणि गुहागरला गेलो. सातारा, पाटण, कुंभार्ली मार्गे. पुण्यातून १०० टक्क्यांवर निघालो, ८० च्या पुढे पाय दाबला नाही. कुंभार्लीच्या माथ्यावर २६ टक्के होते, घाट उतरून चिपळूणच्या बाजूला आलो तर २८. बायकोने स्क्रीनचा फोटो काढून भावाला पाठवला. चिपळुणात पाऊण तास चार्ज केलं, तेवढ्यात जेवण झालं. परत येताना तोच चार्जर बंद होता. घाटमाथा यांचं ऐकून दुसरा हेरून ठेवला होता म्हणून वाचलो, नाहीतर कुंभार्ली चढायची हिंमत नव्हती.

सासुरवाडीत मात्र लाल दिवा. मेव्हण्याला मीठ, कोळसा आणि तांब्याच्या पट्टीचा फोटो पाठवला आहे. शिमग्याच्या आत खड्डा करतो म्हणालाय.

४५ ची बॅटरीवाली बुक केली. मीटर लागल्याशिवाय ताबा घेणार नाही असं सांगितलंय. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, काहीच प्रॉब्लेम नाही."

निवृत्त_वायरमन – रात्री १०:३०

२७ वर्षं गुंडाळी! ती तार लावणाऱ्याचं नाव कळलं तर कळवा. आमच्यातलाच कुणी असेल.

सीएनजीच्या_रांगेत – रात्री १०:४१

अभिनंदन. आज पुढे फक्त सहाच रिक्षा आहेत. पण प्रेशर नाही म्हणे.